उरलेला विडा

निंबारगावच्या तलावाचा बांध दोन रंगांचा आहे. दोन्ही टोकांना काळवंडलेला जुना दगड आणि मधोमध पन्नासेक पावलांच्या पट्ट्यात फिकट, वेगळ्या घडणीचा. बांधाच्या खाली ओढ्याकाठच्या शेतांत हत्तीच्या पाठीएवढे घडीव चिरे अजून पडलेले दिसतात. नांगर त्यांना वळसा घालून जातो.

पाहुणे आधी या दगडांबद्दल विचारतात, मग चावडीतल्या पितळी तबकाबद्दल. निंबारगावात एकवीस घराणी. गावकी भरली की तबकात एकवीस विडे मांडतात आणि पाटलांच्या घरचा माणूस ते घेऊन प्रत्येकापुढे फिरतो. समोर आलेला ठराव पटला तर विडा उचलायचा, नाही पटला तर तबकात ठेवायचा आणि उठून कारण सांगायचे. ज्या बाजूला जास्त घराणी, तसा निकाल. इथवर कोणालाही समजते. पण एकवीसच्या एकवीस विडे उचलले गेले, तबक रिकामे झाले, तर त्या दिवशी ठराव होत नाही. तो पुढच्या बाजाराच्या दिवसावर जातो.

नवा ग्रामसेवक आला की हमखास वाद घालतो. एकमताने झालेला ठराव कसा काय नामंजूर, असे विचारतो. त्याला हरिबा गुरवांकडे पाठवतात. हरिबांचे वय ऐंशीच्या पुढे, आवाज खणखणीत. ते त्याला बांधावर आणून बसवतात. "आठ दिवसांत काहीतरी खोट सापडतेच," ते म्हणतात. "नाही सापडली, तर शोधणाऱ्यात खोट आहे असं समजायचं." मग ते हे सारे कसे सुरू झाले ते सांगतात.

गोष्ट किती जुनी, हे कोणालाच ठाऊक नाही. तेव्हा इथे तलाव नव्हता. लागोपाठ तीन वर्षे पाऊस झाला नाही, गुरे गेली, माणसे घाट उतरून जाऊ लागली. तेव्हा गावचे पाटील सुभानजी यांनी दोन टेकड्यांच्या मध्ये बांध घालायचे मनावर घेतले. बायकोच्या अंगावरचा सोन्याचा डाग मोडला, स्वतः डोक्यावर पाटी घेतली. लोक दिवसा त्यांच्या मागे राबले आणि संध्याकाळी त्यांच्याच ओट्यावर जेवले. पुढच्या पावसात तलाव भरला. पाटलांनी ओंजळभर पाणी घेऊन गावाच्या अंगावर उडवले आणि ते लहान पोरासारखे रडले, असे सांगतात. सुभानजी वाईट माणूस होता असे निंबारगावात कोणी म्हणत नाही. हरिबा तर बजावतात, की वाईट माणसाची गोष्ट सोपी असते, ही तशी नाही.

बांधाचा दगड घडवला सटवाजी पाथरवटाने. त्याच्या हाताखाली परगावचे पंधरा-वीस पाथरवट होते. काम संपल्यावर ते बांधाखाली ओढ्याकाठी घरे करून राहिले, ती खालची वाडी. बांधाच्या उत्तरेच्या टोकाला सटवाजीने सांडवा ठेवला होता. तलाव काठोकाठ भरला की जादा पाणी तिथून निघून ओढ्याला मिळे.

विड्याची रीत तेव्हाही होती. फक्त तबक रिकामे झाले तर आनंद मानत. सटवाजीचा विडा मात्र बऱ्याचदा तबकात राही. तलावाला पाटलांचे नाव द्यायचे ठरले, तेव्हा त्याने विडा उचलला नाही. "पाटी साऱ्यांनी वाहिली," एवढेच म्हणाला. पाटील तेव्हा मोठ्याने हसले होते. "सटवाजीचा विडा राहिला की मला झोप चांगली लागते," ते म्हणाले, "एक माणूस तरी जागा आहे!" आणि तलावाला नाव दिले नाही.

पण पाणी आले तशी स्तुतीही आली. पाण्यापेक्षा ती लवकर चढते. पाटलांचा चौगुला भिकाजी, म्हणजे गावकारभारातला त्यांचा मदतनीस, रोज सकाळी त्यांना सांगू लागला की तुम्ही नसता तर या गावात कावळाही उरला नसता. ते खरेही होते. खरे असल्यामुळेच ते पाटलांना आवडू लागले. एकदा पाण्याच्या पाळीवरून माळ्यांनी विडा ठेवला. पुढच्या हंगामात माळ्यांची पाळी सगळ्यांच्या शेवटी लागली. एकदा नरसू कोष्ट्याने विडा ठेवला. भिकाजीने गावभर सांगितले की नरसू पलीकडच्या गावाला फितूर आहे. कोणी विचारले नाही, कोणी पुरावा मागितला नाही. वर्षभरात नरसूने आपला माग गाडीत घातला आणि तो गाव सोडून गेला. त्याला वेशीपर्यंत पोचवायला एकटा सटवाजी गेला.

मग भिकाजीने आणखी एक युक्ती काढली. गावकी भरायच्या आधीच तो विडे घरोघर पोचवू लागला. पाटलांनी प्रेमाने पाठवलेला विडा दारातून परत कोण करणार? लोक चावडीत येत ते रंगलेल्या तोंडानेच. विषय काय आहे हे विडा चघळून झाल्यावर कळे. सटवाजी तेवढा आपला विडा हातात धरून यायचा आणि तबकात ठेवायचा. त्याला पाहून लोक एकमेकांना कोपराने ढोसत. "आले बघा नन्नाजी," कोणीतरी कुजबुजे. सगळे हसत. हसणाऱ्यांत त्याच्याच बाजूचे पुष्कळ असत.

त्या वर्षी चैत्रात भिकाजीने पाटलांच्या डोक्यात एक विचार घातला. सांडव्यातून दरसाल एवढे पाणी फुकट जाते. सांडवा चिरेबंदी बुजवला तर तलाव देवळाच्या पायरीला लागेल, उन्हाळ्यातही ऊस उभा राहील, आणि परगण्याचे देशमुख दसऱ्याला येतील ते पाहून थक्क होतील. पाटलांना ते पटले. गावकी भरली.

सटवाजीने विडा तबकात ठेवला. "पाटील, पाण्याला वाट पाहिजे," तो म्हणाला. "पोट भरल्यावर माणूससुद्धा ढेकर देतो. त्याचं तोंड दाबून धरलं तर काय होईल?"

लोक हसले. पाटील हसले नाहीत.

"एक सांग सटवाजी. तू बांधलेला बांध कच्चा आहे का?"

सटवाजीच्या घरात तीन पिढ्या पाथरवटाच्या. आपल्या हातचा दगड कच्चा आहे असे भर चावडीत म्हणणे त्याला मरणाहून वाईट. त्याने मान वर केली.

"माझा बांध कच्चा नाही."

"मग भीती कसली? का तुझं पोट दुखतंय?"

हरिबा इथे थांबतात. सटवाजीची चूक इथेच झाली, असे ते म्हणतात. बांध पक्का आहे आणि तरीही सांडवा हवाच, ही गोष्ट त्याला ठाऊक होती. पण स्वतःच्या कसबाचा अभिमान आडवा आला आणि त्याच्या तोंडून पुढचे वाक्य निघाले नाही. भिकाजीने ते बरोबर हेरले. त्या दिवशी त्याने ठराव पुढे ढकलायला लावला. त्याला तबक रिकामे हवे होते. देशमुखांपुढे सांगायचे होते, की निंबारगावात पाटलांच्या शब्दाला दुसरा शब्द नाही.

मधल्या आठ दिवसांत सटवाजीच्या घरी न्हावी आला नाही. सुताराने पहारीचा दांडा बसवून दिला नाही. पाणवठ्यावर त्याच्या बायकोची, केरूबाईची, घागर सगळ्यांत शेवटी भरू लागली. हे सारे सटवाजी सोसत आला होता. पण त्याची एकुलती एक मुलगी ठकू, तिचे लग्न खालच्या वाडीतल्या एका पाथरवटाच्या मुलाशी ठरले होते. पाचव्या दिवशी व्याह्यांचा निरोप आला. मांडवात गाव येणार नसेल, तर वऱ्हाडही येणार नाही. गावाने टाकलेल्या घरची सोयरीक आम्हाला झेपायची नाही.

केरूबाई चुलीपुढे बसली होती. "एक विडा तोंडात टाकल्यानं काय जीव जातोय तुमचा?" ती म्हणाली. "सारं गाव खातंय. तुम्ही एकटेच शहाणे का?"

ठकू जात्यावर बसली होती, तिने दळण थांबवले. "बाबा, मोडू दे लग्न," ती म्हणाली. तिच्या आवाजावरून त्याला कळले, की तिला लग्न मोडायला नको आहे.

पुढच्या बाजाराच्या दिवशी भिकाजीने विडे घरी पाठवले नाहीत; रिकामे होताना सगळ्यांना दिसावे म्हणून तबक चावडीतच फिरले. वीस विडे उचलले गेले. सटवाजीपुढे तबक आले तेव्हा चावडीत एवढी शांतता होती, की बाहेर बैल शेपटी हलवत होता तेही ऐकू येत होते म्हणे. त्याने विडा उचलला आणि तोंडात घातला.

पाटलांची नजर त्या रिकाम्या तबकावर थबकली. भिकाजीने डफवाल्याला खूण केली होती, पण पाटलांनी हात वर केला. "सटवाजी," त्यांनी विचारले, "तुला काही सांगायचं आहे का?"

सटवाजीने तोंड उघडायचा प्रयत्न केला. तोंड भरलेले होते. चावडीत पाटलांपुढे थुंकायची सोय नव्हती. त्याने मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, यावर गावात अजून दोन मते आहेत. डफ वाजू लागला.

सांडवा बुजवायचे काम सटवाजीलाच दिले. त्याने ते केले, आणि नीट केले. शिसे ओतून सांधे भरले. वाईट काम करायला त्याचा हात शिकलाच नव्हता. वैशाखात ठकूचे लग्न झाले. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. पाटलांनी स्वतः अक्षता टाकल्या.

पावसाळा चांगला गेला. श्रावणात पाणी देवळाच्या पायरीला लागले. लोक तिथे दिवे सोडू लागले. येता-जाता सटवाजीला म्हणू लागले, "काय नन्नाजी, फुटला का बांध?" सटवाजीलाही वाटू लागले की आपलेच चुकले असेल. एवढ्या सगळ्यांना दिसते आणि एकट्यालाच दिसत नाही, असे कसे होईल? असे वाटण्यात एक सुखही होते, आणि ते सुख त्याला आवडू लागले होते.

मग हस्त नक्षत्र लागले. दोन दिवस आणि दोन रात्री पाऊस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी सटवाजी बांधावर गेला. पाणी माथ्याला हातभर कमी होते आणि बांधाच्या खालच्या अंगाला दगडांच्या सांध्यांतून गढूळ धारा सुटल्या होत्या. तो पळत घरी आला, पहार घेतली आणि सांडव्याकडे धावला. तिथे भिकाजी दोन माणसे घेऊन आधीपासूनच उभा होता. देशमुख यायला चारच दिवस उरले होते, आणि तलावाला कोणी हात लावू नये असा हुकूम होता.

"बाजूला हो," सटवाजी ओरडला. "सांडवा फोडू दे."

"गावाचा ठराव आहे," भिकाजी म्हणाला. "एकमुखी ठराव. त्यात तुझाही विडा आहे, का विसरलास?"

ज्याने सगळ्यांत आधी नाही म्हटले होते, त्याचेही नाव आता होकारात होते. त्याने भिकाजीला ढकलले. माणसांनी त्याला धरले. झटापट चालू असताना पाटील आले, पाण्याकडे एकदा पाहिले आणि त्यांनी स्वतः सटवाजीच्या हातातली पहार घेऊन पहिला घाव घातला. मग दोघांनी मिळून घाव घातले. पण सांडवा सटवाजीने बुजवला होता. शिशाने भरलेला सांधा हलेना. "अरे, कुठून फुटेल सांग!" पाटील ओरडत होते, आणि सटवाजी स्वतःच्याच कामात कच्ची जागा शोधत होता. त्याला ती सापडली नाही.

बांध मधोमध फुटला. आवाज पाच कोसांवर ऐकू गेला असे सांगतात. खालच्या वाडीतली अकरा घरे होती त्या जागी घटकाभरात ओढा वाहू लागला. ठकूचे घर ओढ्याला सगळ्यांत जवळ होते. तिचा हिरवा चुडा दुसऱ्या दिवशी दोन कोसांवर एका बाभळीला अडकलेला सापडला. ती सापडली नाही.

तेरावे झाल्यावर गावकी भरली. पाटील खाली जमिनीवर, डोक्याला पागोटे नाही. भिकाजी वर, पाटलांच्या जागेजवळ उभा. सगळ्यांत मोठ्याने तोच ओरडत होता. ठराव त्यानेच मांडला. सुभानजीने गाव बुडवले, तेव्हा सुभानजीला बांधाच्या खिंडारात जिवंत पुरायचे आणि वर नवा बांध उभारायचा. पाण्याला बळी पाहिजे असतो, असे जाणते म्हणतातच. लोकांनी आरोळी दिली. विडे या वेळीही घरी पाठवावे लागले नाहीत. तबक फिरू लागले आणि हात भराभर खाली जाऊ लागले.

सटवाजी खांबाला टेकून बसला होता. तबक त्याच्यापुढे आले तेव्हा त्यात एकच विडा होता. त्याने तो उचलला. त्याला तो हवा होता. तेरा दिवस त्याने दुसरे काही मागितले नव्हते. पाटलाच्या तोंडात माती जाताना त्याला पाहायची होती. त्याने विडा ओठांपर्यंत नेला, कात-चुन्याचा वास आला, आणि त्याची नजर तबकावर पडली. ते रिकामे होते. मागच्या वेळेसारखेच चकचकीत, पुसल्यासारखे.

त्याने विडा पुन्हा तबकात ठेवला.

"सटवाजी, तुझी पोर गेली!" कोणीतरी ओरडले.

"गेली," तो म्हणाला. "पाटलानं एकट्यानं नाही नेली. एकवीस विडे होते त्या दिवशी. एक माझा होता."

"मग याला सोडायचं?" भिकाजी खेकसला. "तू कोणाच्या बाजूचा?"

"पाटीलकी काढा, जमीन काढा, मी विडा उचलतो. पण माणूस पुरायच्या आधी त्याला बोलू द्या. आणि भिकाजी, विडे घरोघर कोण वाटत होतं, तेही बोलू द्या. मागच्या खेपेला मी बोलायचा राहिलो. त्याचं काय झालं ते खाली वाडीत जाऊन बघा."

मग माळ्यांच्या म्हाताऱ्याने कनवटीचा विडा काढून तबकात ठेवला. त्याच्यामागून कुंभाराने ठेवला. असे एकेक करून बारा विडे परत आले. त्यांतले दोन अर्धे चावलेले होते, ते कोणाचे हे हरिबा अजून नावानिशी सांगतात आणि त्या घराण्यांतले लोक अजून चिडतात.

ठराव पडला. सुभानजीला बोलू दिले. तो म्हणाला, की त्या दिवशी रिकामे तबक पाहून मला क्षणभर धडकी भरली होती, पण मग डफ वाजला आणि बरे वाटले. पाटीलकीचा मान त्याने सोडला आणि गावाकडे एकच मागणे केले. यापुढे तबक माझ्या घराण्याने फिरवावे आणि माझ्या घराण्याचा विडा त्यात नसावा. ती एकविसावी जागा खालच्या वाडीतून वाचलेल्या एका घराला दिली. भिकाजी चौगुल्याचे काय झाले, ते सांगत नाहीत. तो कुठल्या तरी दुसऱ्या गावात असेल, असे हरिबा म्हणतात, आणि पाहुण्यांकडे रोखून पाहतात.

सटवाजीने मधला बांध तीन वर्षे खपून पुन्हा उभारला आणि सांडवा दुप्पट रुंद केला. त्यानेच गावाला शपथ घ्यायला लावली. तबक रिकामे झाले तर ठराव नाही. आणि ज्याचा विडा उरेल, त्याने वर्षभर त्या कामावर नजर ठेवायची. त्याला कोणी दार लावायचे नाही, कोणी फितूर म्हणायचे नाही, त्याच्या घागरीला पाणवठ्यावर पहिली पाळी द्यायची. पुढे म्हातारपणी गावाने त्याच्या नावाचा दगड उभारायचे ठरवले. वीस विडे उचलले गेले, त्याचा एकट्याचा उरला. रीतीप्रमाणे ठराव झाला. "झाला तर झाला," सटवाजी म्हणाला, "पण दगड घडवणार मीच." आणि त्याने तो शेवटपर्यंत घडवला नाही.

अनेक पावसाळे गेले. तलाव आता सरकारी कागदावर आहे आणि गावकीच्या जागी ग्रामसभा भरते. मागे एक पुढारी निवडणूक बिनविरोध करा, बक्षीस मिळवून देतो, असे सांगायला आले होते. त्यांच्यापुढे तबक फिरवले. सतरा विडे उरले. "या गावात एकी नाही," असे म्हणत पुढारी गाडीत बसले, आणि त्यांचा चहा तसाच राहिला.

आजही निंबारगावात विडा उरतो. गेल्या वर्षी वेशीपासून शाळेपर्यंतच्या रस्त्याच्या ठरावाला वीस घराण्यांनी विडा उचलला आणि वत्सलाबाई कुदळ्यांनी ठेवला. खडी कमी पडणार, असे त्यांचे म्हणणे. रस्ता झाला. रोज सकाळी वत्सलाबाई जुनी छत्री घेऊन त्यावरून चालतात आणि दर चार पावलांवर छत्रीचे टोक डांबरात दाबून बघतात. ठेकेदाराचा माणूस शाळेजवळ उभा असतो. तो लांबूनच "या मावशी, चहा घ्या," म्हणतो.

"आधी इथं ये," वत्सलाबाई म्हणतात. "हे बघ, छत्री आत गेली."